बाळाचे पहिले सहा महिने : काय पाहावे, काय करावे, काय टाळावे



विहारातल्या महिला बैठकीत आरोग्याचा विषय निघाला, की तान्ह्या बाळाबद्दल तेच चार प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ‘ताई, दूध पुरतं की नाही ते कसं कळायचं?’ ‘बाळ एवढं का रडतं?’ ‘शेजारणीचं बाळ मान धरतं, आमचं का नाही?’ आणि ‘दवाखान्यात नेमकं कधी न्यायचं?’ उत्तर देणारेही पुष्कळ असतात. आजी एक सांगते, शेजारीण दुसरे, मेडिकलवाला तिसरे आणि मोबाईलवरचा व्हिडिओ चौथे. नवी आई बिचारी गोंधळून जाते. म्हणून या अंकात आम्ही हे चारही प्रश्न एकेक करून घेत आहोत. घरात तान्हे बाळ असेल त्यांनी हा लेख सासूबाईंना आणि बाळाच्या बापालाही वाचून दाखवावा, कारण बाळ एकट्या आईचे नसते.

आपल्या देशात वर्षाच्या आत जी बालके दगावतात, त्यांतली निम्म्याहून अधिक पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. दिवस भरण्याआधीचा जन्म, कमी वजन, जन्मताना श्वास कोंडणे आणि जंतुसंसर्ग ही त्याची मोठी कारणे आहेत. यांतली कितीतरी बाळे ऊब, आईचे दूध, स्वच्छ हात आणि वेळेवर दवाखाना एवढ्यावर वाचतात. रमाई आणि बाबासाहेबांची चार लेकरे लहानपणीच गेली, हे आपण सगळे जाणतो. त्या काळी आजच्यासारख्या लसी नव्हत्या, गरिबाला दवाखाना नव्हता. आज दोन्ही आहेत. ते आपल्या दारापर्यंत आणायचे, की अज्ञानापायी दूर ठेवायचे, हे आपल्या हातात आहे.

पहिला आठवडा

जन्मल्यावर एका तासाच्या आत बाळाला छातीशी घ्यावे. पहिले पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. तो ‘खराब’ म्हणून पिळून टाकू नये. चिकात रोगाशी लढणारे घटक भरपूर असतात. पहिल्या दिवशी बाळाचे पोट एवढेसे असते की चमचा-दोन चमचे चीक त्याला एका वेळेस पुरतो. साखरेचे पाणी, मध, गुळाचे पाणी, गाईचे दूध यांतले काहीही चाटवू नये. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून मध तर वर्षभर नकोच.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाले तर किमान ४८ तास तिथेच थांबावे. घरी कामे आहेत, मोठी पोरे एकटी आहेत म्हणून बारा तासांत सुट्टी मागणाऱ्या आया आम्ही वॉर्डात नोकरी करताना खूप पाहिल्या. पण बाळंतिणीचा रक्तस्राव आणि बाळाचा बिघाड बहुधा याच दोन दिवसांत दिसतो.

पहिल्या आठवड्यात काही गोष्टी पाहून घरचे घाबरतात, पण त्या साध्या असतात. पहिली शी काळी, चिकट असते. चार-पाच दिवसांत ती पिवळी होते. मुलगा असो वा मुलगी, छाती थोडी सुजते, कधी थेंबभर दूधही येते. ती दाबू नये, पिळू नये. दाबल्याने गळू होते. मुलीच्या अंगावरून रक्ताचा थेंब जाऊ शकतो, तो आपोआप थांबतो. वजन पहिल्या आठवड्यात थोडे घटते आणि दहा ते चौदा दिवसांत पुन्हा जन्माइतके होते.

कावीळ मात्र नीट पाहावी. बाळाला दारात, दिवसाच्या उजेडात आणून कपाळावर, छातीवर, तळपायावर बोट हलके दाबून सोडावे. दाबलेल्या जागी पिवळे दिसले तर कावीळ आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर आलेली थोडी कावीळ बहुधा निवळते. पण पहिल्या चोवीस तासांतच पिवळे झाले, तळहात-तळपाय पिवळे झाले, दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला किंवा शी पांढुरकी होऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. गंडा बांधून किंवा कोवळ्या उन्हात ठेवून ही कावीळ उतरत नाही. ती मेंदूत गेली तर बाळ जन्मभराचे अपंग होते.

दूध पुरते की नाही?

‘दूध नाही’ असे सांगत येणाऱ्या दहा आयांपैकी बहुतेकींना दूध असते, फक्त विश्वास नसतो. बाळ रडले की घरातले म्हणतात, ‘तुझ्या दुधात काही नाही,’ आणि डबा आणतात. डबा सुरू झाला की बाळ अंगावर कमी पिते. बाळ कमी प्यायले की दूध कमी येते. दूध बाळाच्या ओढण्याने तयार होते, ही एक गोष्ट घरात सगळ्यांना समजली तरी अर्धे काम झाले.

दूध पुरते का, हे तीन गोष्टींवरून ओळखावे.

१. लघवी : पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट ओले होतात आणि लघवी फिकट असते.

२. वजन : चौदाव्या दिवसानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढते.

३. बाळ : प्यायल्यावर हात सैल सोडते, झोपते, जागे असताना तरतरीत दिसते.

या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर दूध पुरते आहे, मग बाळ कितीही रडो. छाती मऊ लागते किंवा दूध पातळ दिसते, यावरून काही ठरत नाही.

दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. रात्री पाजणे सोडू नये, रात्रीच्या पाजण्याने दूध टिकते. पाजताना बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले, तोंड मोठे उघडलेले, हनुवटी छातीला टेकलेली असावी. नुसते टोक नव्हे, भोवतीचा काळा भागही जास्तीत जास्त तोंडात असावा. टोकाला चिरा पडतात त्या बहुतेक वेळा बाळ चुकीचे धरते म्हणून. आशाताईंना किंवा नर्सबाईंना एकदा पाजतानाच पाहायला सांगावे.

सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नाही. पत्र्याखालच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यात हे ऐकायला कठीण वाटते. पण आईच्या दुधात बहुतेक भाग पाणीच असते. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे. टँकरचे, ड्रमात साठवलेले पाणी बाळाच्या पोटात गेले, की जुलाब ठरलेले. डॉक्टरांनी दिलेले औषध किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालतात.

डब्याच्या दुधाबद्दल थोडे स्पष्ट बोलू. काही वेळा डॉक्टरच ते सांगतात आणि तशी गरज असू शकते. पण बाकी घरांत काय होते? डबा महाग, म्हणून पुरवायला पावडर कमी आणि पाणी जास्त. बाटलीच्या बुचात जंतू. बाळ फुगलेले दिसते किंवा सुकत जाते आणि वरचेवर जुलाब. बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. दुकानदार किंवा कोणी ‘मोफत नमुना’ हाती ठेवत असेल, तर तो कायदा मोडतो आहे हे ओळखावे. वरचे दूध द्यावेच लागले तर बाटलीने नको. उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे.

कामावर जाणाऱ्या आयांसाठी

आपल्यातल्या कितीतरी जणी घरकाम, बांधकाम, कचरावेचणी, भाजीची गाडी यांवर जगतात. बाळंतिणीला विश्रांती आणि भत्ता मिळाला पाहिजे, अशी बाजू बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडली आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात तसा कायदा झाला. आज पक्क्या नोकरीतल्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बहिणीच्या वाट्याला ती येत नाही. तो लढा वेगळा लढावा लागेल. पण तोवर निदान घरातल्यांनी तिला दीड-दोन महिने तरी कामावर पाठवू नये.

कामावर जावेच लागले तर निघताना पाजावे, आल्याबरोबर पाजावे आणि मधल्या वेळेसाठी दूध हाताने काढून ठेवावे. आधी हात साबणाने धुवावेत. स्टीलची वाटी आणि झाकण दहा मिनिटे उकळून घ्यावे. बोटे टोकापासून थोडी मागे, काळ्या भागाच्या कडेला ठेवून आत छातीकडे दाबावे, मग बोटे जवळ आणून सोडावे. टोक ओढू नये. काढलेले दूध झाकून गार जागी ठेवावे आणि चार तासांच्या आत संपवावे. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तर त्याहूनही लवकर. ते गॅसवर तापवू नये, वाटी कोमट पाण्यात धरावी. उरलेले उष्टे दूध पुन्हा देऊ नये. घरी सांभाळणाऱ्या आजीला हे सगळे नीट दाखवून जावे.

रोजची काळजी

हात : बाळाला घेण्यापूर्वी, शी धुतल्यावर, संडासाहून आल्यावर साबणाने हात धुवावेत. खोकला-सर्दी असलेल्याने तोंडाला रुमाल बांधावा. कौतुकाने येणाऱ्या प्रत्येकाने मुका घेणे बंद करावे.

ऊब : बाळाच्या पोटाला आणि पायाला हात लावून पाहावे. दोन्ही कोमट असतील तर बाळ ठीक. पोट कोमट, पाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, छातीशी घ्यावे, टोपी-मोजे घालावेत. दोन्ही गार असतील तर तो धोका आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून, वरून पांघरूण घेऊन लगेच दवाखान्यात निघावे. अडीच किलोहून कमी वजनाच्या बाळाला रोज जास्तीत जास्त वेळ असेच उघड्या छातीशी ठेवावे. वडील किंवा आजीनेही ठेवले तर चालते. उलट उन्हाळ्यात बाळाला तीन-तीन दुपट्यांत गुंडाळू नये. सुती झबले पुरे.

नाळ : नाळेला काहीही लावायचे नाही. तेल, हळद, राख, शेण, पावडर काही नाही. ती कोरडी ठेवली की एक-दोन आठवड्यांत गळते. लंगोट नाळेच्या खाली बांधावा. भोवती लाली किंवा पू दिसला तर दवाखाना. पूर्वी बाळंतपणातल्या घाणीमुळे आणि नाळेला लावलेल्या शेण-राखेमुळे धनुर्वात होऊन बाळे जात. गरोदरपणीच्या लसीमुळे आणि स्वच्छ बाळंतपणामुळे २०१५ पर्यंत आपल्या देशातून नवजात बाळाचा धनुर्वात जवळपास हद्दपार झाला. तो परत आणू नये.

आंघोळ आणि मालीश : पहिली आंघोळ चोवीस तासांनंतर. कमी वजनाच्या बाळाला वजन वाढेपर्यंत कोमट ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. मालीश हलक्या हाताने करावी. त्याने बाळाला स्पर्श मिळतो, झोप लागते. पण नाक ओढून ‘सरळ’ करणे, डोके दाबून ‘गोल’ करणे, उलटे टांगणे, कान-नाकात तेल सोडणे बंद. तेल नाकावाटे फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो.

झोप : बाळाला पाठीवर, कडक अंथरुणावर झोपवावे. तोंडाजवळ उशी, गोधडी, सैल कापड नको. डास, उंदीर यांचा त्रास असतो, म्हणून मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. साडीची झोळी आपल्याकडे घरोघरी असते. पण झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडकू शकतो. झोळीत बाळ असताना मोठे माणूस जवळ हवे. बाळ झोपले की काढून खाली झोपवावे. मोठी भावंडे झोळीशी खेळणार नाहीत, हे पाहावे. जो माणूस दारू प्यायला आहे त्याने बाळाच्या शेजारी झोपू नये. झोपेत बाळ चेंगरते, गुदमरते. पंचशीलातले पाचवे शील मोडले की त्याचा फटका असा सर्वात लहान जिवालाही बसू शकतो.

तंबाखू : बिडीचा धूर आणि चुलीचा धूर दोन्ही तान्ह्याच्या छातीला घातक. मशेरी लावणाऱ्या आयांनी हे खास ऐकावे. मशेरी म्हणजे तंबाखूच. तिचे विष दुधातून बाळाला जाते. सोडणे कठीण आहे हे आम्हाला माहीत आहे, पण बाळंतपणाइतके चांगले निमित्त पुन्हा मिळत नाही.

बाळगुटी, काजळ, धुरी आणि पाचवी

बाळगुटी उगाळायची सहाण स्वच्छ नसते, पाणी कच्चे असते आणि कोणती मुळी किती उगाळली याला माप नसते. त्यातून जुलाब होतात. ग्राइप वॉटरचीही गरज नाही. काजळात शिसे असू शकते आणि बोटाने लावताना डोळ्यात जंतू जातात. ओवा-लसणाची धुरी दहा बाय दहाच्या बंद खोलीत दिली, की बाळाला धाप लागते. शेकायला खाटेखाली ठेवलेल्या शेगडीतून विषारी वायू निघतो आणि भाजण्याची भीती वेगळीच.

पाचव्या दिवशी सटवाई येऊन बाळाचे नशीब लिहिते, या समजुतीने काही बौद्ध घरांतही अजून गुपचूप पाचवी पूजली जाते. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे आहोत. बाळाचे नशीब कपाळावर लिहिले जात नाही. ते घडते अंगावरच्या दुधाने, वेळच्या लसीने आणि उघड्या डोळ्यांनी. पाचव्या दिवशी करायचेच असेल तर बाळाला उजेडात नेऊन कावीळ पाहावी, नाळ पाहावी, किती लंगोट ओले झाले ते मोजावे. तेवढ्याने एखाद्याचा जीव वाचू शकतो.

बाळ रडते तेव्हा

रडणे ही बाळाची भाषा आहे. भूक, ओला लंगोट, गरम होणे, थंडी, ढेकर अडकणे, झोप, नाहीतर नुसते कुणी जवळ हवे, एवढी कारणे आधी पाहावीत. दोन-तीन आठवड्यांनंतर बहुतेक बाळे संध्याकाळी जास्त रडू लागतात, दीड महिन्याच्या सुमारास ते सर्वात वाढते आणि तीन-चार महिन्यांत कमी होते. ही दृष्ट नव्हे. बाळाला उभे धरावे, पाठ थोपटावी, फेरी मारावी, गुणगुणावे. आईला सहन होईनासे झाले तर बाळाला सुरक्षित खाली ठेवून दुसऱ्याला हाक मारावी. कितीही राग आला तरी बाळाला गदागदा हलवू नये. त्याने मेंदूत रक्तस्राव होतो. रडणे वेगळेच, बारीक किंचाळल्यासारखे असेल, किंवा बाळ रडायचेच बंद झाले असेल, तर मात्र दवाखाना.

वाढ आणि विकास

वाढ म्हणजे वजन-उंची. विकास म्हणजे बाळ काय काय करू लागते ते. दोन्ही वेगवेगळे पाहावे लागतात.

वजनाचे एक उदाहरण घेऊ. जन्माचे वजन २ किलो ६०० ग्रॅम. पाचव्या दिवशी ते २ किलो ४०० झाले तरी घाबरू नये. चौदाव्या दिवसापर्यंत परत २ किलो ६०० व्हायला हवे. महिन्याच्या शेवटी साधारण ३ किलो. पाच-सहा महिन्यांत दुप्पट, म्हणजे ५ किलो २०० च्या पुढे. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून कार्डावरच्या आलेखात टिंब मारून घ्यावे. एका आकड्यापेक्षा रेघ वर जाते का, हे महत्त्वाचे. रेघ आडवी झाली किंवा खाली आली, तर पुढच्या महिन्याची वाट पाहू नये.

विकास असा पाहावा.

पहिला महिना : एका वितीच्या अंतरावरचा चेहरा पाहते. मोठ्या आवाजाने दचकते.

दुसरा महिना : आपण हसलो की हसते. ‘आ’, ‘ऊ’ असे आवाज काढते.

तिसरा महिना : हलणाऱ्या वस्तूमागे नजर फिरवते. पालथे ठेवले तर डोके उचलते. मुठी उघडू लागतात.

चौथा महिना : मान धरते. मोठ्याने हसते. खुळखुळ्याकडे हात नेते.

पाचवा महिना : पालथे पडू लागते. हाती येईल ते तोंडात घालते.

सहावा महिना : टेकू देऊन बसते. आवाजाच्या दिशेने वळते. ‘बा-बा’सारखे आवाज सुरू होतात.

सगळी बाळे एकाच दिवशी हे करत नाहीत, दोन-चार आठवडे मागेपुढे चालते. बाळ दिवसांआधी जन्मले असेल तर वय जन्मतारखेपासून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या बाळासारखे वागेल, ते मागे पडलेले नसते.

पण पुढील गोष्टी दिसल्या तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये : मोठ्या आवाजाने दचकत नाही. तीन महिने झाले तरी हसत नाही, नजर फिरवत नाही. बुबुळात पांढरे दिसते. पाच महिन्यांत मान धरत नाही. अंग फार कडक किंवा फार लुळे लागते. एकच हात वापरते. आधी करत होते ते करेनासे झाले. अशा बाळांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. जिल्हा पातळीवर अशा मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत, तिथे कान, डोळे, हालचाल तपासतात. तपासणी आणि उपचार मोफत असतात. मेंदू पहिल्या दोन वर्षांत सर्वात वेगाने वाढतो, म्हणून सहाव्या महिन्यात सुरू केलेल्या व्यायामाचा जो उपयोग होतो, तो सहाव्या वर्षी होत नाही.

विकासाला खेळणी विकत आणावी लागत नाहीत. पाजताना बाळाच्या डोळ्यांत पाहून बोलावे. भांडी घासताना, भाकरी थापताना ‘बघ, आई काय करते’ असे सांगत राहावे. बाळ ‘ऊ’ म्हणाले की आपणही ‘ऊ’ म्हणावे आणि थांबावे, ते परत बोलते. जागे असताना, आपल्यासमोर, दिवसातून चार-पाच वेळा दोन-दोन मिनिटे पालथे ठेवावे. त्याने मान आणि खांदे मजबूत होतात. स्टीलची वाटी-चमचा, रंगीत चिंधी, घट्ट झाकणाच्या डबीत चार दाणे, एवढे पुरे. मोबाईल मात्र नको. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन दाखवूच नये. आणि हो, मुलगी असली तरी हे सगळे तितकेच. मुलगा आजारी पडला की रिक्षा आणि मुलगी आजारी पडली की ‘उद्या बघू’, हे आपल्या वस्त्यांत अजून दिसते. बुद्ध-भीमाच्या घरात ते शोभत नाही.

लस, कार्ड आणि हक्क

जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा थेंब आणि चोवीस तासांच्या आत कावीळ ‘ब’ ची लस. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट, पोलिओ, रोटाव्हायरस. न्यूमोनियाची पीसीव्ही लस दीड आणि साडेतीन महिन्यांना. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. हे सगळे सरकारी दवाखान्यात मोफत आहे. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी पुळी येते, फुटते, वण राहतो. तिला काही लावू नये. पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येणे साधे आहे, नर्सबाईंनी सांगितले तेवढेच औषध द्यावे. ताप येतो म्हणून पुढची लस चुकवू नये. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा माहेरी जाताना कार्ड बरोबर न्यावे. लस कोणत्याही गावी मिळते.

आशाताईंनी दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचे असते. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही. त्या आल्या नाहीत तर आपण निरोप पाठवावा. बाळाची जन्मनोंदणी २१ दिवसांच्या आत करावी. नाव ठरले नसले तरी नोंद होते, नाव नंतर घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखलाच लागतो. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये हप्त्यांनी आणि दुसरी मुलगी झाल्यास ६००० रुपये मिळतात. अंगणवाडीताईंकडे चौकशी करावी.

तातडीने दवाखाना : हे कापून भिंतीला चिकटवा

१. बाळ पीत नाही किंवा ओढायला जोर राहिला नाही.
२. झटका येतो.
३. श्वास जलद आहे : दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक.
४. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जाते, किंवा बाळ कण्हते.
५. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला काखेत ९९.५ किंवा अधिक ताप, किंवा अंग गार.
६. हलवले तरच हालचाल करते, मलूल पडून राहते.
७. तळहात-तळपाय पिवळे, किंवा ओठ-जीभ निळी.
८. नाळेला पू, अंगावर पुवाचे फोड.
९. हिरवी उलटी, पोट टम्म फुगलेले, शीत रक्त.

श्वास मोजायला सगळ्यांनी शिकून घ्यावे. बाळ शांत असताना झबले वर करावे, मोबाईलचे घड्याळ लावावे आणि पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजावे. ६० च्या वर आले तर पुन्हा एकदा मोजावे. दोन्ही वेळा तेवढेच आले, तर रात्र असली तरी निघावे. १०८ ला फोन करावा. वाटेत बाळ छातीशी ठेवावे. पीत असेल तर पाजत राहावे. गावातल्या बोगस डॉक्टरची सुई आणि भगताचा अंगारा यांत जे दोन तास जातात, तेच दोन तास जिवावर बेततात.

वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचा औषधोपचार, तपासणी आणि ने-आण सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहे. तरीही ‘औषध बाहेरून आणा’ म्हणणारे, वस्तीतली बाई पाहून अरेरावी करणारे भेटतात. आम्ही त्याच वॉर्डांत वावरलो आहोत, हे आम्ही जवळून पाहिले आहे. अशा वेळी आवाज चढवू नये आणि परतही फिरू नये. कार्यक्रमाचे नाव घ्यावे, चिठ्ठी लेखी मागावी, वैद्यकीय अधीक्षकांना भेटावे. मंडळाची एखादी ताई सोबत नेली तर फरक पडतो.

आणि आई?

बाळंतिणीला फक्त पातळ भात आणि मेथीची पेज देऊन, पालेभाजी-डाळ-अंडी बंद करणे चूक आहे. तिने रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त खावे. लोहाची गोळी आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्याव्यात. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकदम घेऊ नये. अंगावरून खूप जाणे, घाण वास, ताप, छातीत दुखरी गाठ, झटका किंवा फार डोके दुखणे, यांत तिलाही लगेच दवाखाना.

पहिले काही दिवस रडू येणे साधे आहे. पण दोन आठवड्यांच्या पुढेही उदास वाटते, बाळ नकोसे वाटते, जगणे नकोसे वाटते, तर तो आजार आहे, नाटक नव्हे. तिला एकटे ठेवू नये. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही. आणि बाळाच्या बापाने लंगोट धुणे, पाणी भरणे, रात्री बाळाला फिरवणे, लसीच्या दिवशी सोबत जाणे, एवढे केले तर आईचे दूधही वाढते आणि झोपही.

येत्या बैठकीत एक काम सगळ्यांनी मिळून करा. वस्तीत सहा महिन्यांच्या आतली किती बाळे आहेत त्यांची यादी करा. प्रत्येकाचे कार्ड पाहा, लस राहिली आहे का ते बघा आणि दोघी-दोघींनी मिळून श्वास मोजायचा सराव करा. पुढच्या अंकात सहा महिन्यांनंतरच्या वरच्या आहाराबद्दल सांगू.

जय भीम! नमो बुद्धाय!